वॉलेट सर्व्हिस एचटीटीपीवरच राहू द्या, गेमला तेवढं थांबवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेपर या सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालणारा माइनक्राफ्ट सर्व्हर, संध्याकाळी ऐंशीएक खेळाडू. कॉइन्सचा, म्हणजे खेळातल्या पैशांचा, हिशेब आधी प्लगइनमध्येच (सर्व्हरला जोडलेल्या जादा कोडमध्ये) होता. तो काढून आता नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर चालणाऱ्या वेगळ्या वॉलेट सर्व्हिसकडे दिलाय. दुकानाच्या मेन्यूत कोणी वस्तूवर क्लिक केलं की प्लगइन त्या सर्व्हिसला एचटीटीपीने विचारतं आणि कॉइन्स कापले गेले की वस्तू देतं. तेव्हापासून दोन तक्रारी आहेत. गर्दीच्या वेळी सगळा सर्व्हर अडखळतो, आणि अधूनमधून कुणाचे तरी कॉइन्स दोनदा कापले जातात. त्यावर तुम्ही विचारलंय की एचटीटीपी सोडून जीआरपीसी किंवा वेबसॉकेट या दुसऱ्या प्रोटोकॉलवर (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतींवर) जावं का.

नका जाऊ. निदान या दोन तक्रारींपायी तरी नका. प्रोटोकॉल बदललात तरी दोन्ही दुखणी तशीच राहतील. पहिलं दुखणं हे की उत्तराची वाट भलत्याच जागी बघितली जातेय. दुसरं हे की उत्तर आलं नाही, म्हणजे काम झालंच नाही, असं प्लगइन धरून चालतंय.

तुमचा कोड मी बघितलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. सर्व्हिस त्याच मशीनवर आहे की दुसऱ्या शहरात, गेम सर्व्हर एकच आहे की प्रॉक्सीमागे (खेळाडूंना वेगवेगळ्या सर्व्हरकडे वळवणाऱ्या मधल्या प्रोग्रॅममागे) चार-पाच, कॉइन्स फक्त खेळून मिळतात की विकतही मिळतात, यानुसार उत्तर बदलतं. कॉइन्स खऱ्या रुपयांना विकत असाल तर खाली मी जिथे "चालून जाईल" म्हणेन तिथे तुम्ही "चालणार नाही" असं वाचा.

आधी अडखळण्याचं बघू. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक (खेळ पुढे सरकवणारे फेरे) चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलीसेकंद. तेवढ्यात प्राणी हलतात, पाणी वाहतं, रेडस्टोन चालतो, खेळाडूंच्या हालचाली तपासल्या जातात, आणि यातलं बहुतेक सगळं एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक कामं करणाऱ्या एकाच रांगेत, होतं. मेन्यूतल्या क्लिकचा इव्हेंटही त्याच थ्रेडवर येतो. तिथे तुम्ही जावाच्या एचटीटीपी क्लाएंटची साधी सेंड मेथड वापरलीत की उत्तर हाती येईपर्यंत मुख्य थ्रेड जागच्या जागी उभा राहतो. क्लिक एकाने केलेलं असतं, खोळंबतात ऐंशी जण.

सर्व्हिस त्याच मशीनवर असेल तर हे लवकर लक्षात येत नाही, कारण उत्तर दोन-चार मिलीसेकंदांत परत येतं आणि टिकमध्ये तेवढी फट असते. पण समजा गेम मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे आणि सर्व्हिस सिंगापूरला. जाऊन-येऊन एक फेरी साधारण ६० मिलीसेकंदांची. नवीन कनेक्शन असेल तर टीसीपी जोडायला एक फेरी, टीएलएस १.३ च्या एन्क्रिप्शनला एक, आणि मग प्रत्यक्ष रिक्वेस्टची एक. एका क्लिकमागे १८० मिलीसेकंद, म्हणजे साडेतीन टिक गेले, आणि यात डेटाबेसने काय वेळ घेतला तो धरलेलाच नाही. टीएलएस १.२ असेल तर आणखी एक फेरी वाढवा. असे दहा-बारा क्लिक मागोमाग आले की सर्व्हर दोन सेकंद मागे पडतो आणि कन्सोलवर "कान्ट कीप अप! इज द सर्व्हर ओव्हरलोडेड?" ही ओळ दिसते. लोक मग रॅम वाढवतात. रॅमचा इथे काहीही संबंध नाही. प्रोसेसर तर त्या वेळात रिकामा बसलेला असतो.

माझ्या म्हणण्यावर विसंबू नका, स्पार्क हा प्रोफाइलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) चालवून बघा. गर्दीच्या वेळी दहा मिनिटं प्रोफाइल घ्या आणि सर्व्हर थ्रेडच्या झाडात तुमच्या क्लिकच्या हँडलरखाली एचटीटीपी क्लाएंट दिसतोय का ते शोधा. दिसला तर विषय संपला. नाही दिसला तर कारण दुसरं आहे आणि पुढचे दोन परिच्छेद तुमच्यासाठी नाहीत.

उपाय जुनाच आहे: रिक्वेस्ट मुख्य थ्रेडबाहेर पाठवा, उत्तर आलं की शेड्युलरच्या रनटास्कने मुख्य थ्रेडवर परत या, आणि मगच इन्व्हेंटरीला हात लावा. बुकिटची (प्लगइन सर्व्हरशी जिच्यातून बोलतं ती) बहुतेक एपीआय दुसऱ्या थ्रेडवरून वापरण्यासाठी केलेलीच नाही, त्यामुळे परत येण्याची पायरी गाळू नका. सेंडअसिंक (सेंडचं न थांबणारं रूप) वापरताना तीन जागी हमखास गोची होते. पहिली, मिळालेल्या फ्यूचरवर (येणाऱ्या उत्तराच्या पावतीवर) मुख्य थ्रेडमध्येच जॉइन किंवा गेट लावणं, म्हणजे तिथेच उत्तराची वाट बघणं. तसं केलं की फिरून तिथेच आलो, फक्त कोड लांबला. दुसरी, एरर आली तर काय करायचं ती शाखा न लिहिणं. एक्सेप्शन आलं की ते फ्यूचर गुपचूप गिळून टाकतं आणि खेळाडू बंद मेन्यूकडे बघत बसतो. तिसरी, कॉलबॅकमध्ये (उत्तर आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) प्लेअर ऑब्जेक्ट धरून ठेवणं. उत्तर येईपर्यंत तो खेळाडू बाहेर पडून परत आत आला असेल तर तुमच्या हातातला ऑब्जेक्ट शिळा झालेला असतो. युयुआयडी (खेळाडूचा कायमचा ओळखक्रमांक) धरा, परत आल्यावर त्यावरून खेळाडू नव्याने शोधा, आणि सापडला नाही तर काय करायचं तेही आधीच ठरवा. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण तुमचा खरा तिढा तिथेच आहे.

लॉगिनच्या वेळी शिल्लक आणायची असेल तर तिची आयती जागा आहे: असिंक-प्लेअर-प्री-लॉगिन इव्हेंट. तो मुख्य थ्रेडबाहेरच चालतो, तिथे दोन-तीन सेकंद थांबलं तरी बाकीच्यांना झळ बसत नाही, आणि सर्व्हिस उत्तर देत नसेल तर नीट संदेश देऊन त्या खेळाडूला दारातच थांबवता येतं. प्री-लॉगिन झालं म्हणजे खेळाडू आत आलाच असं मात्र नाही, तेव्हा तिथे भरलेल्या कॅशला (मेमरीत तात्पुरत्या ठेवलेल्या शिल्लकेला) मुदत घाला. दुसऱ्या टोकाला, प्लगइन बंद होताना ऑनडिसेबलमध्ये नवीन असिंक टास्क लावता येत नाही, सरळ एक्सेप्शन येतं. शेवटचं काही पाठवायचं राहिलं असेल तर तिथे थांबून पाठवा, मात्र चार-पाच सेकंदांची कमाल मर्यादा घालून.

आता टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची ती मर्यादा. जावाच्या एचटीटीपी क्लाएंटला तुम्ही सांगितलं नाही तर टाइमआउटच नसतो; तो कितीही वेळ वाट बघेल. पेपरच्या घराण्यातल्या स्पिगॉटचा वॉचडॉग (सर्व्हर अडकलाय का ते बघणारा पहारेकरी) मात्र एवढा सोशिक नाही. मूळ सेटिंगप्रमाणे मुख्य थ्रेड ६० सेकंद हलला नाही तर तो सर्व्हरच खाली आणतो. म्हणजे नोडची एक छोटी प्रोसेस अडकली आणि त्यामुळे सगळा गेम कोसळला, असं होऊ शकतं. कनेक्टचा टाइमआउट एक सेकंद आणि अख्ख्या रिक्वेस्टचा दोन सेकंद, इथून सुरुवात करा. दोन्ही घाला, एकावर भागत नाही. का ते शेवटी चाचणीत दिसेल. इतर इंजिनांवर काम करणाऱ्यांनीही आपापले मूळ आकडे बघून घ्यावेत. युनिटीच्या वेबरिक्वेस्टमध्ये टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे नाहीच. डॉटनेटच्या एचटीटीपीक्लाएंटमध्ये १०० सेकंद असतो, गेमच्या हिशेबात तोही नसल्यातच जमा. रोब्लॉक्सवर वेगळीच मर्यादा आहे, एका गेम सर्व्हरला मिनिटाला ५०० रिक्वेस्ट, त्यामुळे तिथे प्रत्येक घटनेला एक रिक्वेस्ट हा नमुना फार पुढे जात नाही.

क्लाएंट एकदाच बनवा आणि तोच सगळीकडे वापरा. दर क्लिकला नवा क्लाएंट बनवला की दर वेळी नवी जोडणी, नवी टीएलएसची फेरी आणि वर एक नवा थ्रेड. जोडणी पुन्हा वापरायला लागलात की मात्र एक चमत्कारिक एरर भेटेल: "एचटीटीपी/१.१ हेडर पार्सर रिसीव्ह्ड नो बाइट्स". नोडच्या बऱ्याच आवृत्त्या रिकामं कनेक्शन ५ सेकंदांत बंद करतात. जावा २१ मधला क्लाएंट तेच कनेक्शन ३० सेकंद जपून ठेवतो, जुन्या आवृत्त्यांत तर १२०० सेकंद. नोड दार लावत असतानाच तुमची रिक्वेस्ट त्या कनेक्शनवर निघाली की ही एरर येते. गेट (नुसती माहिती मागणारी) रिक्वेस्ट असेल तर क्लाएंट स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टला (काही बदल करवणाऱ्या रिक्वेस्टला) करत नाही, म्हणून ती खरेदीच्या वेळीच टोचते. नोडकडचा कीप-अलाइव्ह टाइमआउट (रिकामं कनेक्शन उघडं ठेवायची मुदत) क्लाएंटपेक्षा मोठा ठेवा, जावा २१ असेल तर ६५ सेकंद वगैरे. मध्ये एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याचा मूळ आकडा ७५ आहे, तिथे हा त्रास सहसा होत नाही.

आणि इथेच दुसरी तक्रार जन्म घेते. एरर आली, कुणीतरी कोडमध्ये "एरर आली तर पुन्हा पाठव" असं लिहिलं, आणि कॉइन्स दोनदा कापले गेले. यूपीआयने पैसे देताना गोल फिरत राहतं, दुकानदाराचा स्पीकर वाजत नाही, तेव्हा आपण लगेच पुन्हा स्कॅन करतो का? आधी खात्यातून गेले का ते बघतो. तुमच्या प्लगइनला तसं बघण्याची सोयच दिलेली नाही. टाइमआउट झाला तेव्हा तीनपैकी काहीही घडलेलं असू शकतं: रिक्वेस्ट पोचलीच नाही, पोचली पण काम अर्धवट राहिलं, किंवा काम पूर्ण झालं आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं. प्लगइनच्या बाजूने तिन्ही अगदी सारखं दिसतं. एचटीटीपीच्या नियमांतही (आरएफसी ९११०, २०२२) पोस्ट ही परत पाठवायला बिनधोक मानलेली नाही. ती तशी करण्याचं काम तुमचं.

करायचं कसं, तर प्रत्येक खरेदीला एक आयडी द्या. हा आयडी क्लिक झाला त्या क्षणी तयार व्हायला हवा, रिक्वेस्ट पाठवण्याच्या फंक्शनमध्ये नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. आयडीचं हेडर घातलेले पण तरीही दोनदा पैसे कापणारे प्लगइन मी तपासलेत, आणि दर वेळी कारण हेच निघतं की रिट्राय (पुन्हा प्रयत्न) करताना तेच फंक्शन नवा आयडी काढतं. क्लिक एक, आयडी एक, मग रिट्राय कितीही होवोत. सोबत त्या खेळाडूवर "खरेदी चालू" अशी खूण ठेवा आणि ती असेपर्यंत पुढचे क्लिक सोडून द्या. मेन्यू उघडून माउस बडवणारी मंडळी प्रत्येक सर्व्हरवर असतात.

सर्व्हिसच्या बाजूला ऑर्डर्सचं टेबल करा, आयडीवर युनिक बंधन घाला. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा गठ्ठ्यात) आधी ऑर्डरची ओळ घाला, तीही ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (आयडी आधीच असेल तर काही करू नको) लावून. ओळ नवीन घातली गेली तरच पुढे जाऊन शिल्लक कमी करा, आणि ती कमी करताना अट त्याच अपडेटमध्ये लिहा: वस्तू १५० कॉइन्सची असेल तर नवी शिल्लक म्हणजे जुनी शिल्लक वजा १५०, जिथे शिल्लक १५० किंवा जास्त आहे. एकही ओळ बदलली नाही तर पैसे अपुरे, ऑर्डर नाकारली असं नोंदवा. ओळ आधीच असेल तर शिल्लकेला हातही न लावता तेव्हा काय निकाल दिला होता तोच पुन्हा द्या. पोस्टग्रेसचा इथे एक फायदा आहे. एकाच आयडीच्या दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर दुसरी इन्सर्ट पहिलं ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत थांबते, त्यामुळे वेगळं लॉक लागत नाही. आधी सिलेक्ट करून शिल्लक वाचायची, नोडमध्ये वजाबाकी करायची आणि नवा आकडा लिहायचा, ही पद्धत आजच बंद करा. तसंच गेमकडून "आता शिल्लक ३४० आहे" असं कधी पाठवू नका. "१५० कापा" असंच पाठवा. प्रॉक्सीमागे दोन सर्व्हर असतील तर पहिल्या प्रकारात एकाचं लिखाण दुसरा पुसून टाकतो.

रिट्रायचे नियम थोडक्यात: टाइमआउट, तुटलेलं कनेक्शन, ५०२, ५०३, ५०४ (सर्व्हर अडचणीत) आणि ४२९ (फार रिक्वेस्ट आल्या) या उत्तराच्या कोडांवर पुन्हा प्रयत्न करा. बाकीच्या चारशेच्या कोडांवर नाही, पैसे अपुरे आहेत हे चौथ्यांदा विचारून बदलत नाही. तीन प्रयत्न पुरे, मधलं अंतर आधी अर्धा, मग एक सेकंद असं वाढत जाणारं, त्यात थोडा रँडम वेळ मिसळलेला, नाहीतर सर्व्हिस उठताक्षणी सगळे एकदम तिच्या अंगावर जातील. ५०३ सोबत रिट्राय-आफ्टर हेडर (किती वेळाने परत विचारायचं ते सांगणारं) आलं असेल तर त्याचा मान ठेवा.

इथवर कॉइन्सचा हिशेब बरोबर झाला. पण खेळाडूला कॉइन्स नकोत, तलवार हवीय. कॉइन्स पोस्टग्रेसमध्ये आहेत आणि इन्व्हेंटरी वर्ल्डच्या फोल्डरमधल्या प्लेअरडेटाच्या फाइलमध्ये. या दोन्हींना कवेत घेणारं ट्रान्झॅक्शन कुठलाही प्रोटोकॉल तुम्हाला देणार नाही. कॉइन्स कापले आणि वस्तू देण्याआधी खेळाडू गेला, तर तो बुडाला. वस्तू दिली आणि "पोचली" असं सर्व्हिसला कळवण्याआधी गेम कोसळला, तर पुढच्या लॉगिनला वस्तू दुसऱ्यांदा मिळेल. आणि सगळ्यात खोडसाळ प्रकार हा: वस्तू दिली, पोचही कळवली, पण फाइल डिस्कवर जाण्याआधी सर्व्हर कोसळला. खेळाडू परत येतो तेव्हा इन्व्हेंटरी जुनी आणि हिशेबात मात्र सगळं चोख. अशी तक्रार आली की अॅडमिन लॉग दाखवून खेळाडूलाच खोटं ठरवतात.

यावर मी वापरतो ती युक्ती अशी. ऑर्डरचा आयडी खेळाडूच्या पर्सिस्टंट डेटा कंटेनरमध्ये, म्हणजे प्लगइनच्या नोंदी खेळाडूसोबत साठवायच्या जागेत, लिहायचा, ज्या टिकमध्ये वस्तू दिली त्याच टिकमध्ये. हा कंटेनर आणि इन्व्हेंटरी एकाच फाइलमध्ये साठतात. त्यामुळे सर्व्हर कोसळला तर एकतर दोन्ही टिकतात किंवा दोन्ही जातात. वस्तू आहे पण नोंद नाही, असं होत नाही. पोच कळवायची ती फाइल सेव्ह झाल्यावरच. त्यासाठी सेव्हडेटा मेथड आहे. ती मुख्य थ्रेडवर डिस्कला लिहिते, पण दुकानाच्या वेगाला तेवढं चालून जाईल. फारच क्लिक होत असतील तर मिनिटाभराच्या पोच एकत्र करून पाठवा. लॉगिनला सर्व्हिसकडून पोच न आलेल्या ऑर्डर्स मागवायच्या. ज्यांचा आयडी कंटेनरमध्ये आहे त्यांची फक्त पोच पाठवायची, ज्यांचा नाही त्या वस्तू द्यायच्या. पोच स्वीकारली गेली की कंटेनरमधून आयडी पुसायचा. वस्तू देणारं फंक्शन एकच ठेवा, मग ते रिट्रायच्या उत्तरातून बोलावलं जावो की लॉगिनच्या यादीतून, आणि त्याने देण्याआधी कंटेनर बघायलाच हवा. ते मुख्य थ्रेडवरच चालतं, म्हणून दोन्ही वाटा एकमेकींत अडकत नाहीत. शिवाय अॅडआयटम काय परत देतं ते बघा. इन्व्हेंटरी भरलेली असेल तर उरलेलं सामान त्यात येतं, आणि ते कुणी बघत नाही म्हणून "पैसे गेले, वस्तू नाही" या तक्रारींचा चांगला मोठा वाटा नेटवर्कशी संबंधच नसलेला निघतो.

म्हणजे एका खरेदीचा प्रवास असा झाला. क्लिक, आयडी, "खरेदी चालू"ची खूण. मुख्य थ्रेडबाहेर रिक्वेस्ट, लागेल तसे रिट्राय. उत्तर आलं की मुख्य थ्रेडवर खेळाडू शोधायचा. सापडला तर वस्तू आणि कंटेनरमधली नोंद, सेव्ह, पोच. नाही सापडला तर काहीच करायचं नाही, पुढच्या लॉगिनची यादी ते निभावून नेईल. तिन्ही प्रयत्न फसले तरी हेच: खेळाडूला "व्यवहार तपासतोय, कॉइन्स कापले गेले असतील तर वस्तू मिळेल" असं सांगायचं, खूण काढायची, आणि मिनिटाभराने त्या एका खेळाडूची यादी पुन्हा मागवायची. सर्व्हिसने ऑर्डर नोंदवली असेल तर ती यादीत येईल, नसेल तर कॉइन्स कापलेच गेलेले नाहीत. त्यामुळे प्लगइनच्या बाजूला वेगळी नोंदवही ठेवायची गरज पडत नाही.

प्रत्येक कॉलला एवढा सरंजाम लागत नाही. मारलेले झोंबी, फोडलेले ब्लॉक, खेळलेली मिनिटं असली आकडेवारी असेल तर मेमरीत गोळा करा, दहा-पंधरा सेकंदांनी एका रिक्वेस्टमध्ये पाठवा, रांगेला कमाल लांबी घाला आणि ती भरली तर जुनं फेकून द्या. गेलं तर गेलं. प्रत्येक कॉलला एकच प्रश्न विचारायचा: याचं उत्तर आलं नाही तर खेळ थांबायला हवा का? खरेदीत त्या खेळाडूची खरेदी थांबायला हवी, खेळ नाही. बॅनच्या यादीत बहुधा दारातच थांबवावं लागेल. लीडरबोर्डला कुणीच थांबू नये. सर्व्हिस सलग पाच-दहा वेळा फसली की पुढचे तीस सेकंद विचारणंच बंद करा आणि दुकानाचा मेन्यू "तात्पुरतं बंद" दाखवू दे. दर क्लिकला दोन सेकंद थांबून नकार मिळण्यापेक्षा खेळाडूंना हे जास्त पटतं.

विचारलं नाहीत, तरी सुरक्षेचं सांगतो. कॉइन्स कापणारी ही सर्व्हिस इंटरनेटला दिसता कामा नये. त्याच मशीनवर असेल तर १२७.०.०.१ वर (मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर) बांधा, दुसऱ्या मशीनवर असेल तर खाजगी नेटवर्क किंवा वायरगार्ड हे व्हीपीएन. डॉकरमध्ये चालवत असाल तर खास लक्ष द्या. साधं पोर्ट ३००० उघडलंत की डॉकर स्वतःचे फायरवॉल नियम घालतो आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये ते पोर्ट बंद दिसत असूनही बाहेरून उघडं असतं. पोर्ट लिहिताना पुढे १२७.०.०.१ लावा. टोकन हेडरमध्ये पाठवा, यूआरएलमध्ये नको, तिथून ते लॉगमध्ये उतरतं. आणि कॉन्फिग फाइल गिटमध्ये जाणार असेल तर टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या. किंमत गेमने पाठवायचीच नाही. वस्तूचा कोड पाठवा, किंमत सर्व्हिस ठरवेल.

मग जीआरपीसी, वेबसॉकेट कधी? उलट दिशेने बोलायचं असेल तेव्हा विचार करा. वेबसाइटवरून कुणी रँक विकत घेतली आणि ती खेळात लगेच दिसायला हवी, तर सर्व्हिसला गेमशी बोलावं लागतं. पण तिथेही आधी पोलिंग करून बघा. दर ५ सेकंदांनी "नवीन काही आहे का" विचारलं तर दिवसाला १७,२८० रिक्वेस्ट होतात, आणि एका इंडेक्सवर उत्तर देणाऱ्या पोस्टग्रेसला त्या जाणवतही नाहीत. पाच सेकंद उशीर रँकसाठी चालून जाईल. चॅट दोन सर्व्हरमध्ये जोडायचं असेल तर नाही चालणार. तिथे रेडिसचं पब-सब (एकाने पाठवलेलं सगळ्या ऐकणाऱ्यांना पोचवणारी सोय) किंवा वेबसॉकेट घ्या. आणि घेतलंत तरी वेबसॉकेट तुटतं, तुटलेलं असताना काय आलं ते हरवतं, म्हणून पोच न आलेल्या ऑर्डर्सची ती यादी तशीच ठेवावी लागते. जीआरपीसीबद्दल माझं मत विचाराल तर एकच सर्व्हिस आणि एक-दोन माणसं असताना तिचा जोडखर्च वसूल होत नाही. कर्ल या कमांडने हाताने रिक्वेस्ट मारून अडचण शोधता येणं ही छोट्या टीमसाठी फार मोठी सोय आहे.

सगळं केल्यावर चाचणी अशी घ्या. सर्व्हिस बंद करून बघण्यात फारसा अर्थ नाही, कारण तेव्हा कनेक्शन लगेच नाकारलं जातं आणि कोड छान वागतो. त्याऐवजी नोडच्या प्रोसेसला किल कमांडने स्टॉप सिग्नल पाठवा. प्रोसेस गोठते, पण लिनक्सचा कर्नल तिच्या वतीने टीसीपी कनेक्शन स्वीकारत राहतो. म्हणजे कनेक्टचा टाइमआउट कधी लागतच नाही, रिक्वेस्टचाच लागतो. प्रत्यक्षात सर्व्हिस अडकते तीही अशीच. तशा अवस्थेत टेस्ट सर्व्हरवर चार जणांनी खरेदी करा, एकाने मध्येच बाहेर पडा, मग कंटिन्यू सिग्नल देऊन प्रोसेस चालू करा. अडकलेल्या रिक्वेस्ट आणि त्यांचे रिट्राय एकदम आत जातील. टिकचा वेळ या सगळ्यात हलता कामा नये, आणि ऑर्डर्सच्या टेबलात प्रत्येक क्लिकची फार तर एकच ओळ असायला हवी. नंतर गेमच्या प्रोसेसला खरेदी चालू असताना थेट किल मारा आणि परत उठवून इन्व्हेंटरी आणि शिल्लक ताडून बघा. ऑर्डरचा आयडी दोन्हीकडच्या लॉगमध्ये छापत असाल तर काय घडलं ते एका ग्रेपमध्ये (लॉगमधल्या शोधात) कळेल.

दोनदा कापलेल्या जुन्या कॉइन्सचं म्हणाल तर तेव्हा आयडी नव्हते, त्यामुळे अचूक शोधता येणार नाहीत. एकाच खेळाडूची, त्याच वस्तूची, पाच-दहा सेकंदांच्या आत दोनदा झालेली वजावट काढा आणि सरळ परत करून टाका. दोन-चार जणांना फुकटचे मिळतील, मिळू देत. स्पार्कचा अहवाल घेतलात की सर्व्हर थ्रेडचा भाग इथे टाका, आणि सर्व्हिस कुठल्या शहरात आहे तेही लिहा. फोलिया (पेपरचंच अनेक थ्रेडवर चालणारं रूप) वापरत असाल तर आधी सांगा, तिथे मुख्य थ्रेड हा प्रकारच नाही आणि परत येण्याची पायरी एन्टिटी शेड्युलरने करावी लागते.